नैतिकतेच्या परिच्छेदाला वाचक हवा

आयसीएमएल ही यंत्रशिक्षणातील (मशीन लर्निंगमधील) एक अग्रगण्य आंतरराष्ट्रीय परिषद आहे. २०२४ साली तिने प्रत्येक शोधनिबंधात समाजावरील परिणामांविषयीचे निवेदन सक्तीचे केले, आणि ज्यांना सांगण्यासारखे विशेष काही नाही त्यांच्या सोयीसाठी त्याच सूचनांमध्ये एक तयार मजकूरही देऊन ठेवला. त्याचा आशय असा, की हा निबंध यंत्रशिक्षणाचे क्षेत्र पुढे नेण्याच्या हेतूने लिहिलेला आहे. आमच्या कामाचे समाजावर अनेक परिणाम संभवतात, परंतु त्यांपैकी कोणताही येथे मुद्दाम नमूद करावा असे आम्हांला वाटत नाही. हा मजकूर जसाच्या तसा उतरवलेले निबंध शोधायला फार कष्ट पडत नाहीत. मागणीही आपली आणि उत्तराचा मसुदाही आपलाच, अशी ही व्यवस्था आहे.

मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एम.टेक. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. "मॅडम, इम्पॅक्टचं ते स्टँडर्ड वाक्य टाकू ना?" हा प्रश्न मला बहुधा निबंध पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी विचारला जातो. त्यावर ‘टाक’ म्हणावे की ‘थांब’ म्हणावे हे निबंधागणिक ठरवावे लागते. या विषयावर दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. समाजशास्त्राकडची मंडळी म्हणतात, की संगणकवाल्यांना नीतीशी देणेघेणे नाही. संगणकवाले म्हणतात, की हा आमच्या कामाशी संबंध नसलेला कागदी सोपस्कार आहे. दोन्हींत थोडेफार तथ्य आहे, पण माझ्या पाहण्यातल्या विद्यार्थ्यांची आणि सहकाऱ्यांची अडचण निराळी आहे. आपला हा परिच्छेद कोणी वाचणार नाही, आणि वाचलाच तर उलट प्रश्न कोणी विचारणार नाही, हे त्यांनी अचूक ओळखलेले असते. ज्या लेखनाला वाचक नाही ते लेखन जसे व्हायचे तसेच हे होते.

या प्रथेचा इतिहास छोटा आहे. एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेतील तरुण संशोधकांच्या एका गटाने, ब्रेंट हेक्ट यांच्या पुढाकाराने, २०१८ मध्ये असा प्रस्ताव मांडला की निबंधाच्या तांत्रिक गुणांबरोबरच, लेखकांनी आपल्या कामाच्या दुष्परिणामांची प्रामाणिक चर्चा केली आहे का, हेही समीक्षकांनी तपासावे. सूचना साधी होती, पण संगणकशास्त्रात तोवर तसे कोणी विचारत नव्हते. अबेबा बिऱ्हाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयसीएमएल आणि न्यूरिप्स या दोन परिषदांतील सर्वाधिक उद्धृत झालेले शंभर निबंध वाचून काढले, तेव्हा आपल्या कामाची समाजातील एखाद्या गरजेशी सांगड घालणारे निबंध १५ टक्के आढळले आणि संभाव्य दुष्परिणामांचा उल्लेख करणारा अवघा १ टक्का. नव्या नियमांना नावे ठेवताना ही आधीची स्थिती विसरू नये. माझा रोख नियमांच्या आखणीवर आहे. ते नसते तर बरे झाले असते, असे मी म्हणत नाही.

२०२० मध्ये न्यूरिप्सने हे निवेदन पहिल्यांदा सर्वांना सक्तीचे केले. कामाचे नैतिक पैलू आणि भविष्यातील सामाजिक परिणाम, चांगले तसेच वाईट, लेखकांनी लिहावेत. आपल्या कामाला हा प्रश्न लागू होत नसेल तर तसे सांगावे. आणि हा मजकूर निबंधाच्या आठ पानांच्या मर्यादेत धरला जाणार नाही, असे नियम होते. लेखकांनी या शेवटच्या सवलतीचा जो अर्थ लावला तो मला महत्त्वाचा वाटतो. आठ पानांत एकेका ओळीसाठी झगडणाऱ्याला जेव्हा सांगितले जाते की अमुक मजकूर पानांत मोजला जाणार नाही, तेव्हा तो मजकूर मुख्य कामाचा भाग नाही हेही त्याला कळते. शिवाय समीक्षकांनी मूल्यमापन तांत्रिक योगदानावरच करायचे होते. काही शंकास्पद वाटलेच तर तो निबंध नीतिशास्त्राची जाण असलेल्या वेगळ्या समीक्षकांकडे पाठवायचा होता. म्हणजे नेहमीच्या समीक्षकाला या परिच्छेदाचे गुण द्यायचे नव्हते, आणि वेगळ्या समीक्षकापर्यंत जाणारे निबंध अगदी मोजके असणार होते. तसेच झाले. त्या वर्षी नऊ हजारांहून अधिक निबंध आले. तांत्रिकदृष्ट्या चांगले पण नैतिकदृष्ट्या शंकास्पद असे तेरा निबंध त्या वेगळ्या समीक्षेसाठी गेले. त्यांपैकी चार नाकारले गेले आणि सात सशर्त स्वीकारले गेले. त्या सातांपैकी काहींना परिणामांची चर्चा नव्याने लिहायला सांगितले गेले, तर काहींना आक्षेपार्ह डेटासेट, म्हणजे संगणकाला शिकवण्यासाठी जमवलेले माहितीसंच, काढून टाकायला. सुमारे ९ टक्के निबंधांत हा विभाग नव्हताच.

चारांचा आकडा ऐकून विद्यार्थी हसतात. मला तो हास्यास्पद वाटत नाही, कारण नाकारलेल्या निबंधांच्या संख्येवर या प्रथेचे यशापयश मोजणे चुकीचे आहे. मला खटकते ते दुसरेच. उरलेल्या हजारो लेखकांना आपल्या परिच्छेदाविषयी कोणाकडून काहीच कळले नसावे. गणिताच्या सिद्धतेत चूक असेल तर तीन समीक्षक अंगावर येतात; परिणामांच्या परिच्छेदात काहीही लिहिले, तरी समोरून शांतताच.

नियम जाहीर झाला त्या फेब्रुवारीत समाजमाध्यमांवर जोरदार वाद झाला. समाजावरील परिणामांचा विचार करून कोणी संशोधन थांबवल्याचे कधी पाहिले आहे का, अशा अर्थाची शंका त्यात निघाली, आणि तिला उत्तर दिले जोसेफ रेडमन यांनी. प्रतिमेतील वस्तू झटक्यात ओळखणाऱ्या ‘योलो’ या प्रणालीचे हे मूळ निर्माते. आपल्या कामाचे लष्करी उपयोग आणि खासगीपणावरील आघात नजरेआड करणे अशक्य झाले, म्हणून आपण संगणकीय दृष्टीचे संशोधन सोडून दिले, असे त्यांनी लिहिले. त्याच्या दोन वर्षे आधी, २०१८ च्या योलोच्या तिसऱ्या आवृत्तीच्या निबंधाच्या शेवटी, असा कोणताही नियम नसताना त्यांनी आणि त्यांच्या सहलेखकाने वाचकांना विचारले होते, की वस्तू ओळखणारी ही साधने आता हाती आली आहेत तर आपण त्यांचे करणार काय. आणि या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या बड्या कंपन्यांची व लष्कराची नावे घेऊन त्यांनी आपल्या तिरकस शैलीत उत्तरही सुचवले होते. माझ्या मते या विषयावर संशोधकांनी लिहिलेल्या परिच्छेदांत तो सर्वांत धारदार आहे, आणि तो कोणी मागितलेला नव्हता. त्यापुढची गोष्ट मात्र तितकी उदात्त नाही. रेडमन बाजूला झाले आणि काही महिन्यांतच इतरांनी योलोची चौथी आवृत्ती काढली. त्यानंतर आवृत्त्या येतच आहेत. पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प पाहायला गेलात, तर हेल्मेट ओळखणारा, नंबरप्लेट वाचणारा, रस्त्यावरचे खड्डे मोजणारा किंवा वर्गातली हजेरी लावणारा योलो तुम्हांला भेटणारच. त्याच्या जनकाने काम का सोडले हे त्यांतल्या फार थोड्या मुलांना ठाऊक असते. एकट्याच्या सदसद्विवेकाने साधन थांबत नाही, हे यातून कळते; पण म्हणून परिच्छेद लिहिणे निरर्थक, हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

२०२० चे हे परिच्छेद नंतर अभ्यासकांनी बारकाईने वाचले. प्रियांका नानायक्कारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या ३०० परिच्छेदांचे विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी कॅरोलिन अ‍ॅशर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या परिषदेतील सगळी निवेदने एकत्र करून अभ्यासली. त्याआधीच ग्रेस अबुहमाद आणि क्लॉडेल रेओ यांनी पन्नास संशोधकांना त्यांचा अनुभव विचारला होता. या अभ्यासांचा गोषवारा मी येथे देत बसत नाही. जे परिच्छेद मी स्वतः वाचले, त्यांत काही सवयी पुन्हा पुन्हा दिसल्या. फायदे सांगताना लेखक ठोस असतात: कर्करोगाचे निदान, विजेची बचत, अपंगांना मदत. तोटे सांगताना तोच लेखक एकाएकी धूसर होतो. ‘दुष्ट हेतूच्या व्यक्ती’ या तंत्राचा ‘गैरवापर’ करू शकतात, असे तो म्हणतो, पण कोण, कशासाठी आणि कोणाविरुद्ध हे सांगत नाही. पक्षपाताचा उल्लेख बहुतेक ठिकाणी येतो, परंतु या मॉडेलचा पक्षपात कोणत्या गटाच्या मुळावर येईल हे क्वचितच कळते. आणि अखेर जबाबदारी पुढे सरकवली जाते: जे हे मॉडेल वापरतील त्यांनी खबरदारी घ्यावी. कर्मणिप्रयोगाचा एवढा मुबलक वापर मी सरकारी परिपत्रकांखेरीज अन्यत्र पाहिलेला नाही.

‘आम्हांला हा प्रश्न लागू नाही’ असे लिहिणाऱ्यांविषयी मात्र मला सहानुभूती आहे. माझा एक विद्यार्थी इष्टतमीकरणाच्या, म्हणजे सर्वांत चांगले उत्तर शोधण्याच्या, एका गणिती पद्धतीची अभिसरणगती, म्हणजे ती किती लवकर उत्तराजवळ पोहोचते, हे सिद्ध करतो. ती पद्धत उद्या पीकविम्याच्या मॉडेलमध्येही वापरली जाईल आणि पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यातही. त्याने या दोहोंविषयी अर्धे पान लिहावे अशी अपेक्षा धरली, तर तो ठोकताळे लिहील आणि त्या ठोकताळ्यांची त्याला सवय लागेल. अशा निबंधापुरते आयसीएमएलचे तयार वाक्य मला ढोंगी वाटत नाही. निदान ते काही सांगितल्याचा आव आणत नाही. त्याला मी ‘टाक’ म्हणते. खरी पंचाईत होते ती, चेहरे ओळखणारा किंवा कर्ज मंजूर करणारा निबंध त्याच वाक्याच्या आड उभा राहतो तेव्हा. सक्ती सर्वांना सारखी असल्यामुळे सुटकाही सर्वांना सारखीच मिळते.

ठोस परिच्छेद म्हणजे काय, हे दाखवायला मी विद्यार्थ्यांना मराठीतलेच उदाहरण देते. पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने गेल्या काही वर्षांत मराठीसाठी फार मोलाचे डेटासेट आणि मॉडेल्स खुली केली. त्यांपैकी ‘महाहेट’ या २०२२ च्या डेटासेटमध्ये पंचवीस हजारांहून अधिक ट्विट्स आहेत आणि ती द्वेषपूर्ण, अपमानास्पद, अश्लील आणि यांपैकी काही नाही अशा चार वर्गांत लेबल केलेली आहेत. मराठीत अशी साधने नव्हतीच, तेव्हा त्यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आता समजा एखाद्या विद्यार्थ्याला याच धर्तीवर नवा डेटासेट करायचा आहे आणि लेबल लावायला त्याच्याकडे त्याचे वर्गमित्र आहेत. पहिला प्रश्न हा, की हे वर्गमित्र कुठले? मालवणी माणसाच्या तोंडी ‘मेल्या’ हे लाडाचेही संबोधन असते. सदाशिव पेठेत वाढलेला मुलगा ते बिनदिक्कत अपमानास्पद ठरवील. अहिराणी, वऱ्हाडी बोलींतली थट्टा त्याला भांडणासारखी वाटेल. दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. जातीचे नाव ज्या वाक्यांत येते, त्यांत शिवीही असते आणि अत्याचाराची तक्रारही असते. आपल्यावर काय बेतले हे सांगणाऱ्याला जातीचे नाव घ्यावेच लागते, अनेकदा त्याला दिलेली शिवीही जशीच्या तशी लिहावी लागते. मॉडेल जर त्या नावालाच द्वेषाची खूण समजू लागले, तर ज्याच्या रक्षणासाठी ते बांधले त्याचाच आवाज ते आधी बंद करील. तिसरा प्रश्न लेबल लावणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याचा: महिनाभर रोज शेकडो घाणेरडी वाक्ये वाचण्याचे मोल त्यांना दिले का, की सहलेखकांच्या यादीत नाव घालण्याच्या आश्वासनावर भागवले?

या तीन प्रश्नांची उत्तरे अर्ध्या पानात मावतात आणि त्यांतली प्रत्येक गोष्ट तपासता येते. लेबल लावणारे किती होते, कोणत्या जिल्ह्यांतले होते, त्यांच्यात मतभेद कुठे झाले, जातिवाचक शब्द असलेली पण द्वेष नसलेली वाक्ये मॉडेलने किती वेळा चुकीची ओळखली. यांतले एकही वाक्य नीतिशास्त्राच्या पुस्तकातून आलेले नाही. सगळी कामाच्या आतूनच निघालेली आहेत. संगणकीय भाषाशास्त्राच्या परिषदांनी अलीकडे मर्यादांचा स्वतंत्र विभाग सक्तीचा केला आहे, आणि माझ्या अनुभवात आमचे विद्यार्थी तो विभाग नैतिकतेच्या परिच्छेदापेक्षा कितीतरी प्रामाणिकपणे लिहितात. ‘तुझ्या पद्धतीत कुठे कमी आहे’ या प्रश्नाचे उत्तर अभियंत्याला देता येते. ‘समाजावर काय परिणाम होईल’ असे विचारले की तो निबंधस्पर्धेच्या भाषेत शिरतो.

आता आमच्या घरच्या व्यवस्थेकडे वळते. वैद्यकीय संशोधनात संस्थात्मक नीतिसमितीवाचून पान हलत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, आणि डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार व एखादी सामान्य व्यक्तीही तिच्यात असावी लागते. २०२३ मध्ये याच परिषदेने आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही काढली. म्हणजे ससून रुग्णालयाच्या परिसरात छातीच्या एक्स-रेवर मॉडेल बांधणाऱ्याला समितीपुढे जावे लागते. पण तीन-चार किलोमीटरवरच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वर्गातल्या साठ मुलांचे चेहरे टिपून हजेरीचे यंत्र बनवणाऱ्याला कोणीही काहीही विचारत नाही. अशा एका प्रकल्पात संमती कशी घेतली, असे मी बाह्य परीक्षक म्हणून विचारले होते. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश टाकला होता आणि कोणी नाही म्हटले नाही, असे उत्तर आले. शेजारी बसलेल्या दुसऱ्या परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिले.

अर्थात, समित्या नेमल्या की प्रश्न सुटला असेही नाही. अमेरिकेत मानवी सहभागाच्या संशोधनाचे नियमन करणाऱ्या नियमांत स्पष्ट म्हटलेले आहे, की संशोधनातून मिळालेल्या ज्ञानाच्या उपयोगाचे दूरगामी परिणाम, उदाहरणार्थ सार्वजनिक धोरणावरील परिणाम, समितीने जोखमीत धरू नयेत. समिती प्रयोगात सामील असलेल्या माणसाचे रक्षण करते. प्रयोगाबाहेरचा माणूस तिच्या कक्षेत येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचा त्रास बहुतांशी या बाहेरच्या माणसालाच होतो. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संशोधनाला सवलत आहे, अट एवढीच की तो डेटा एखाद्या विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेण्यासाठी वापरला जाऊ नये आणि ठरवून दिलेले निकष पाळले जावेत. आणि व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. त्यामुळे ‘कायद्याने चालते’ एवढे उत्तर घेऊन विद्यार्थी मोकळा होऊ शकतो. ट्विट्स सार्वजनिक आहेत, मग प्रश्नच कुठे येतो? प्रश्न येतो, पण तो कायद्याच्या दारातून येत नाही, म्हणून तर निवेदन हवे.

२०२१ पासून न्यूरिप्सने स्वतंत्र निवेदनाची सक्ती काढून त्याऐवजी प्रश्नावली आणली. दुष्परिणामांची चर्चा केली आहे का, लेबल लावणाऱ्यांना किती मोबदला दिला, डेटातील लोकांची संमती कशी घेतली, असे नेमके प्रश्न तिच्यात आले. मला हा बदल चांगला वाटला, कारण ‘मोबदला किती’ या प्रश्नाला अलंकारिक उत्तर देता येत नाही. पुढे ही प्रश्नावली न जोडणारे निबंध समीक्षेआधीच परत पाठवायला सुरुवात झाली, आणि मग तिचे व्हायचे तेच झाले: भरायचे म्हणून भरायचे. २०२४ मध्ये न्यूरिप्सने एक प्रयोग करून पाहिला. प्रश्नावलीची उत्तरे तपासून सूचना देणारा, भाषिक मॉडेलवर चालणारा एक साहाय्यक लेखकांना उपलब्ध करून दिला. २३४ निबंधांच्या लेखकांनी तो वापरला आणि सर्वेक्षणाला उत्तर देणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांना तो उपयोगी वाटला. मात्र काम न बदलता केवळ समर्थनाचा मजकूर फुगवून या साहाय्यकाला चकवता येते, हेही त्याच अभ्यासात नोंदवलेले आहे.

आमच्या प्रयोगशाळेत याचे घरगुती रूप रोज दिसते. नैतिकतेचा परिच्छेद आता विद्यार्थी स्वतः लिहीतच नाहीत. चॅटबॉटला निबंधाचा सारांश देतात आणि तो एक गुळगुळीत, समतोल, सर्व बाजूंचा विचार केलेला परिच्छेद काढून देतो. पूर्वीचे परिच्छेद कंटाळून लिहिलेले असत, पण त्या कंटाळ्यातही माणूस दिसे. ‘हे आम्हांला का विचारता’ असा त्रागा करणाऱ्याने निदान प्रश्न वाचलेला असे. एका विद्यार्थ्याने मागे आपल्या परिच्छेदात सरळ लिहिले होते, की या पद्धतीचा मुख्य वापर जाहिराती दाखवण्यासाठी होईल आणि त्यात आपल्याला काही फार वाईट दिसत नाही. मी ते वाक्य काढू दिले नाही. त्यावर निदान वाद घालता येत होता.

म्हणूनच मला स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका उपक्रमाचा विचार अधिक पटतो. तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनासाठी विद्यापीठांतर्गत निधी मागणाऱ्यांनी प्रस्तावासोबतच समाजावरील संभाव्य हानी आणि तिच्यावरील उपाय यांचे निवेदन द्यायचे. निरनिराळ्या शाखांतल्या प्राध्यापकांचे मंडळ ते वाचते, प्रश्न विचारते, आणि हा संवाद पूर्ण झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. पहिल्या वर्षाच्या ४१ प्रस्तावांचा अनुभव २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वेक्षणात ५८ टक्के संशोधकांनी या प्रक्रियेचा आपल्या संशोधनाच्या आराखड्यावर परिणाम झाल्याचे सांगितले, आणि पुन्हा असे निवेदन द्यायला सगळेच तयार होते. संशोधक तशाच स्वभावाचे, विषयही तेच, फरक दोनच. प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी विचारला गेला, आणि उत्तर वाचणारा समोर बसलेला होता. पैशाची किल्ली हाती असणे हा तिसरा फरक आहे हेही मान्य केले पाहिजे, आमच्याकडे एम.टेक.च्या विद्यार्थ्याला असा निधीच नसतो, तर अडवणार काय?

पैसा नसला तरी सिनॉप्सिस, म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी सादर करायचा आराखडा, असतो. गेल्या काही सत्रांपासून मी माझ्या विद्यार्थ्यांकडून सिनॉप्सिसबरोबरच अर्धे पान मराठीत लिहून घेते आणि ते विभागाबाहेरच्या एका व्यक्तीपुढे वाचायला लावते. मराठीत अशासाठी, की इंग्रजीत तयार वाक्ये फार सहज हाताशी येतात. हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार चौकातल्या कॅमेऱ्यातून ओळखण्याचा विषय एका विद्यार्थ्याने घेतला होता. पुण्यात हेल्मेट हा विषय निघाला की श्रोत्यांत दोन तट पडतात, तसे पडलेच. पण वकिली करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने त्याला तीन-चार साधे प्रश्न विचारले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडीधारी शिखांना हेल्मेटमधून सूट आहे. तुझ्या डेटात पगडीची चित्रे आहेत का? उन्हामुळे आणि धुळीमुळे डोक्याला, चेहऱ्याला घट्ट ओढणी गुंडाळून गाडी चालवणाऱ्या मुली पुण्यात पावलोपावली दिसतात. ओढणीवरून हेल्मेट आणि नुसती ओढणी यांतला फरक तुझ्या मॉडेलला कळतो का? चुकून चलन गेले तर ज्याला ते आले त्याने काय दाखवून आपली बाजू मांडायची, आणि तू छायाचित्र किती दिवस ठेवणार?

पहिल्या दोन प्रश्नांना त्याच्याकडे उत्तर नव्हते आणि तिसरा आपल्याला विचारला जाईल असे त्याला वाटलेच नव्हते. पुढच्या दोन महिन्यांत त्याने पगडी आणि ओढणी यांची चित्रे स्वतंत्रपणे जमवली, मॉडेलला ‘अनिश्चित’ असा एक वर्ग दिला, आणि त्या वर्गातली चित्रे माणसाने पाहिल्याशिवाय पुढे जाणार नाहीत असा आराखडा केला. त्याची एकूण अचूकता त्यामुळे किंचित घसरली. परिषदेच्या समीक्षकांपैकी एकाने त्या घसरणीवर बोट ठेवले; नैतिकतेच्या परिच्छेदाविषयी तिघांपैकी एकानेही अवाक्षर काढले नाही.

माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा या सगळ्याला आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, "अहो, बड्या कंपन्यांकडे धोरण लिहायला वेगळी माणसं असतात. आमच्या पोरानं एकाच लॅपटॉपवर मॉडेल चालवायचं, इंग्रजीशी झगडायचं, आणि वर जगाची काळजीही त्यानंच वाहायची?" हे खोटे नाही. सक्तीचे लेखन वाढले की ज्यांच्याकडे लिहिणारे हात अधिक आहेत त्यांचे फावते, आणि गुळगुळीत परिच्छेद लिहिण्यात कंपन्यांचे निबंध आमच्या निबंधांच्या नेहमीच पुढे असतील. पण चौकातल्या ओढणीचा प्रश्न कॅलिफोर्नियातल्या धोरणविभागाला सुचणार नाही, तो पुण्यातल्याच माणसाला सुचेल. आणि सुचण्यासाठी त्याला लॅपटॉपही लागत नाही.

खरी चणचण आहे ती वाचणाऱ्यांची. माझी वकील मैत्रीण मैत्रीखातर येते. समाजकार्याच्या एका प्राध्यापकांनी दोन सत्रे वेळ दिला, पण त्यांच्या कार्यभारात या तासांची नोंद होत नाही, पदोन्नतीच्या गुणांत त्यांना जागा नाही, आणि महाविद्यालयाच्या हिशेबात बाहेरच्या वाचकाचे मानधन कोणत्या शीर्षाखाली टाकायचे हे आमच्या लेखा विभागाला अजून ठरवता आलेले नाही. मी ‘तज्ज्ञ व्याख्यान’ म्हणून टाका असे सुचवले, तर व्याख्यानाचे छायाचित्र आणि उपस्थितीपट जोडा असे सांगण्यात आले. पुढच्या सत्राचे सिनॉप्सिस ऑगस्टमध्ये सादर होतील. त्यांत एक विषय द्राक्षबागेतील रोगाच्या अंदाजाचा आहे, एक मराठीतील आवाजावरून ताण ओळखण्याचा आणि एक भाडेकरूंची विश्वासार्हता ठरवण्याचा. तिसऱ्यासाठी मला वाचक हवाच आहे. पुण्यात भाड्याने घर शोधताना आडनाव सांगताच ज्याला नकार ऐकावा लागला आहे, असा कोणी तासभर यायला तयार असेल तर मला जरूर कळवावे.